सशाची मादी गाभण राहत नाही? नेमकं कुठे अडतंय ते असं शोधा

ससा म्हटलं की भराभर पिल्लं देणारा प्राणी, अशी सगळ्यांची समजूत असते. त्यामुळे जोडी घरी आणून दोन-तीन महिने झाले आणि पिंजऱ्यात पिल्लांचा पत्ता नाही, तर नवीन माणूस लगेच मादीवर वांझपणाचा शिक्का मारतो. दुसरी मादी आणतो, तिचंही तेच होतं. मग कंटाळून नाद सोडतो.

मी बरीच वर्षं ससे पाळतोय आणि खरोखर वांझ मादी माझ्या पाहण्यात फार क्वचित आली आहे. मादी नराला घेते, गाभ धरतो, तो टिकतो, ती विते, पिल्लं पहिले दहा दिवस काढतात. या साखळीतली एखादीच कडी तुटलेली असते, आणि ती कुठली हे कळलं की उपाय बहुधा साधाच निघतो. ते न शोधता खाद्य बदल, पिंजरा बदल, औषध दे, असं सगळं एकदम केलं की काय लागू पडलं आणि काय नाही, काहीच कळत नाही.

म्हणून आधी एक वही करा. प्रत्येक मादीला एक पान. भरवल्याची (म्हणजे नराकडून संग करवल्याची) तारीख आणि वेळ, कोणता नर, नर किती वेळा पडला (याचा अर्थ पुढे सांगतो), बाराव्या दिवशी पोट चाचपलं तेव्हा काय लागलं, विण्यासाठीची पेटी कधी ठेवली, कधी व्याली, किती जिवंत, किती मेलेली. शेजारी त्या दिवसाचं दुपारचं तापमानही लिहा. ते कशासाठी, हे नराच्या भागात येईल.

सगळ्यात आधी नर-मादी ओळखा

हे वाचून हसू येईल, पण माझी पहिली ‘जोडी’ दोन माद्यांची होती. एक दुसरीवर चढायची, मी खूष. सतराव्या दिवशी खालच्या मादीने छातीचे केस उपटून कोपऱ्यात ढीग घातला, मी आणखी खूष. एकतिसावा दिवस आला, गेला, चाळिसावाही गेला. मग एका जाणत्या माणसाने दोघींना उलटं धरून दाखवलं, तेव्हा उलगडा झाला.

ससा मांडीवर उताणा घ्या, पाठीला पूर्ण आधार द्या. शेपटीच्या पुढच्या भागावर अंगठा आणि बोटाने हलका दाब द्या. मादीमध्ये गुदद्वाराच्या दिशेने जाणारी उभी फट दिसते. नरात गोल नळीसारखं टोक बाहेर येतं, टोकाला बारीक भोक असतं. मोठ्या नरात दोन्ही बाजूंना कमी केसांच्या लांबट पिशव्या, म्हणजे वृषणं दिसतात. ती साधारण दहा ते बारा आठवड्यांच्या वयात खाली उतरतात. पण घाबरला की ससा ती वर ओढून घेऊ शकतो, म्हणून एकदा दिसली नाहीत तर घाई करू नका, थोड्या वेळाने शांतपणे परत बघा.

वय आणि अंगावरची चरबी

लहान जातीची मादी पाच महिन्यांच्या आसपास, मध्यम जातीची सहाव्या महिन्यात आणि मोठ्या जातीची आठ-नऊ महिन्यांची झाल्यावर भरवावी. नराला त्याहून महिनाभर जास्त द्या. लवकर भरवलेली मादी कधी गाभण राहतही नाही, आणि राहिली तर तिची स्वतःची वाढ खुंटते.

त्याहून जास्त घोळ लठ्ठपणा घालतो. घरच्या सशांचे लाड होतात, दिवसभर गोळी खाद्य समोर असतं, फिरणं नसतं. हात पाठीच्या कण्यावरून फिरवा. मणके गोलसर लागायला हवेत. टोचले तर ससा बारीक आहे, आणि मणके सापडतच नसतील तर चरबी चढली आहे. खांद्यांवर आणि पुढच्या पायांच्या बगलेत मऊ गाठोडी लागली तर खात्रीच समजा. अशी मादी नराला घेत नाही, घेतलं तर गाभ कमी धरतो, आणि विण्याच्या वेळी तिच्याच जिवावर बेततं.

वजन उतरवायचं ते सावकाश. गोळी खाद्य थोडं थोडं कमी करा आणि सुकं गवत मात्र हवं तेवढं द्या. सशाला उपाशी ठेवू नका. दिवसभर पोटात काही गेलं नाही तर त्याचं आतडं मंदावतं आणि लठ्ठ सशाचं यकृत बिघडतं.

मादी नराला जवळ येऊ देत नाही

गाय-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी माज सशात येत नाही. मादीचं बीज नर लागल्यानंतर साधारण दहा ते बारा तासांनी सुटतं. म्हणजे संग झाल्याशिवाय बीजच नाही. म्हणून ‘माजाची तारीख’ मोजत बसण्यात अर्थ नसतो. तरीही ती काही दिवस राजी असते, काही दिवस नसते, आणि ते योनीच्या रंगावरून कळतं. फिकट, पांढुरकी आणि कोरडी दिसली तर थांबा. लालसर, थोडी सुजलेली आणि ओलसर असेल तर तोच दिवस. गडद जांभळट झाली असेल तर वेळ टळत आली आहे, तरी प्रयत्न करून बघायला हरकत नाही.

मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला मादीकडे कधीच नाही. मादी आपली जागा जपते, आलेल्याला चावून हाकलते. शिवाय नर नव्या जागेत गेला की वास घेत फिरण्यातच वेळ घालवतो. त्याच्या पिंजऱ्यातलं खाण्याचं भांडं आधी बाहेर काढा आणि समोर बसून राहा. राजी असलेली मादी अंग पसरून बसते आणि पाठचा भाग उचलते. नको असेल तर कोपऱ्यात बुड टेकून बसते, शेपूट घट्ट दाबते, गुरगुरते. दहा मिनिटांत जमलं नाही तर तिला उचला. ‘रात्रभर सोडू, होईल आपोआप’ हा विचार सोडून द्या. एकमेकांना फाडेपर्यंत भांडणं होतात आणि चिडलेल्या मादीने नराच्या वृषणांना चावा घेतला की तो कायमचा कामातून जातो. वर संग झाला की नाही, हे तुम्हाला कळणारच नाही.

आज नाही म्हणाली तर सलग तीन-चार दिवस रोज एकदा न्या. त्यानेही जमत नसेल तर एक दिवसासाठी दोघांचे पिंजरे अदलाबदल करा. नराच्या वासात चोवीस तास काढले की पुष्कळ माद्या नरमतात. उजेडही मोजा. दिवस लहान झाले की माद्या मंदावतात. अशा वेळी साधा दिवा लावून रोज चौदा ते सोळा तास उजेड द्या, वेळा रोज त्याच ठेवा, आणि फरक दिसायला दोन-तीन आठवडे जाऊ द्या. अंगाचे केस झडत असतील तर ते संपेपर्यंत थांबणंच बरं, त्या काळात शरीराची ताकद नवे केस आणण्यात जाते.

मादीला धरून, दाबून भरवणारे लोक आहेत. मी तसं करत नाही. राजी नसलेल्या मादीत गाभ धरण्याचं प्रमाण कमीच असतं, आणि पुढच्या वेळी ती नुसती उचलली तरी ओरबाडते.

भरवली, पण गाभ राहत नाही

संग पूर्ण झाला की नर एका बाजूला किंवा मागे धाडकन पडतो, कधी बारीक ओरडतो. सगळं काही सेकंदांत होतं. हे डोळ्यांनी पाहिलं तरच वहीत लिहा. नुसतं चढून उतरणं मोजायचं नाही. मागच्या केसांचा गुंता किंवा चिकटलेली घाण असेल तर नराला जागा सापडत नाही आणि सगळं बाहेरच्या बाहेर जातं, म्हणून आधी तेवढे केस कापून टाका. नर दोनदा पडू द्या, आणि सहा-आठ तासांनी त्याच दिवशी परत एकदा भरवा.

इतकं करूनही दोन-तीन वेळा गाभ धरला नाही, तर मादीकडे बोट दाखवण्याआधी नराकडे बघा. बहुतेक जण इथेच चुकतात. सशाला घाम गाळून अंग थंड करता येत नाही, आणि तापमान तीस अंशांच्या वर बरेच दिवस राहिलं की नराचं वीर्य बिघडतं. तो चढतो, पडतो, सगळं नेहमीसारखं दिसतं, पण आत जीव नसतो. नवं वीर्य तयार व्हायला साधारण दीड महिना लागतो. त्यामुळे उन्हाचा तडाखा ओसरल्यावर, हवा छान झालेली असतानाही आठ आठवड्यांपर्यंत माद्या खाली, म्हणजे गाभण न राहता, राहू शकतात. वहीत तापमान लिहायचं ते यासाठी. कारण आजच्या हवेत शोधू नका, दोन महिने मागची पानं उलटा. उन्हाळ्यात सगळ्यात गार, वारा खेळणारी जागा नराला द्या. पाण्याची गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली की तो तिला टेकून पडतो.

फार दिवस रिकामा बसलेल्या नराचा पहिला संग वाया गेला असं धरून चाला, साठलेलं वीर्य जुनं असतं. उलट रोज रोज वापरला तरीही पातळ पडतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे.

शंका नर की मादी अशी असेल तर तोड सोपी आहे. तोच नर पूर्वी पिल्लं दिलेल्या मादीला दाखवा, आणि तीच मादी पिल्लं झालेल्या दुसऱ्या नराला. या काळात बाकी काहीच बदलू नका.

एक आजारही तपासा. योनीवर किंवा नराच्या लिंगाजवळ खपल्या, फोड, आणि तशाच खपल्या नाका-ओठांवर दिसल्या तर तो सशांचा संगातून पसरणारा उपदंश असू शकतो. माणसाला तो होत नाही, पण एका नरामुळे सगळ्या माद्यांना होतो. भरवणं ताबडतोब थांबवा आणि पशुवैद्याकडे जा. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो. मात्र पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन सशाला तोंडाने कधीही देऊ नका. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही मरतो. घरात पडलेली गोळी कुटून पाजण्याचा मोह होतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

बारावा दिवस: पोट चाचपणं

हे एकदा जमलं की निम्मा अंधार जातो. दहाव्या ते चौदाव्या दिवसात करता येतं, मी बारावा धरतो. मादीला सपाट, न घसरणाऱ्या जागेवर बसवा, तोंड तुमच्याकडे. एका हाताने खांदे धरा. दुसरा हात पोटाखालून मागच्या पायांच्या जरा पुढे न्या, एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं. तिने पोट आवळलं असेल तर थांबा, श्वास सोडून सैल पडू द्या. मग दाबायचं नाही, नुसतं बोटं मागे-पुढे सरकवायची. गाभ असेल तर द्राक्षांएवढे मऊ, गुळगुळीत मणी एका रांगेत बोटांतून निसटतात. लेंड्या त्याहून लहान आणि कडक असतात. दोन्हीतला फरक कळायला आधी गाभण नसलेल्या मादीवर हात बसवा. चौदा दिवसांनंतर शिकाऊ हाताने पोट चाचपू नये.

‘परत नराकडे नेऊन बघायचं, नाही म्हणाली म्हणजे गाभण’ ही पद्धत बिनभरवशाची आहे. गाभण माद्या कधी कधी नराला घेतात, आणि खाली असलेल्याही नाकारतात.

मणी लागले नाहीत, पण सोळा ते अठराव्या दिवशी मादी केस उपटू लागली, तर तो खोटा गाभ. माझ्या त्या पहिल्या मादीचं हेच झालं होतं. दुसरी मादी वर चढली, तेवढ्याने बीज सुटलं आणि शरीराने गाभण असल्याचं धरलं. औषध लागत नाही. अठरा दिवसांनी आपोआप ओसरतं, आणि त्यानंतर लगेच भरवलेली मादी बऱ्याचदा चटकन राजी होते.

बाराव्या दिवशी मणी होते आणि पुढे काहीच झालं नाही, तर गाभ आतल्या आत जिरला. पहिल्या अडीच-तीन आठवड्यांत असं जिरून जातं, बाहेर काही दिसत नाही. उष्णता, कुत्र्या-मांजराची दहशत, बुरशी लागलेलं खाद्य, पोटावर पडलेला जोराचा दाब ही नेहमीची कारणं. जीवनसत्त्व अ कमी पडलं तरी हे होतं आणि जास्त झालं तरीही, म्हणून गोळी खाद्यावर आणखी टॉनिकचे थेंब देऊ नका.

विण्याचे दिवस

अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी ठेवा. आधी ठेवली तर ती तिचा संडास करते. मादीला आत वळता यावं, पण अघळपघळ पसरता येऊ नये, एवढी ती असावी. आत कोरडं, मऊ गवत भरपूर भरा. मादी नेहमी ज्या कोपऱ्यात लघवी करते तो सोडून पेटी मांडा.

एकतीस दिवस ही सरासरी. अठ्ठावीस ते बत्तीस चालतं. बत्तीस उलटले आणि पोटात हालचाल आहे तर बहुधा एक-दोनच, पण मोठी झालेली पिल्लं असतात. तेहतिसाव्या दिवशी डॉक्टरांना दाखवा, कळा येण्याचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने देऊ नका. पिल्लू आडवं असेल तर गर्भाशय फाटतं. शेवटच्या आठवड्यात मादीने खाणं सोडलं आणि मलूल झाली, विशेषतः लठ्ठ मादी, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. उद्यावर ढकललं तर ती हातची जाते.

पहिल्या वेताच्या माद्या पुष्कळदा पेटीबाहेर जाळीवर पिल्लं टाकतात. सकाळी बघावं तर गार, करडी पडलेली, हलत नाहीत. टाकून देऊ नका. एकदा मी असंच एक पिल्लू मेलं म्हणून बाजूला ठेवलं होतं, पुरायला उचललं तेव्हा तोंड किंचित उघडल्यासारखं वाटलं. शर्टाच्या आत पोटाशी धरून बसलो. पाव तासाने पायाला एक झटका आला, मग अंग गुलाबी होत गेलं, आणि अर्ध्या तासात ते माझ्या पोटावर दूध शोधत धडका देत होतं. ऊब देऊनही हललं नाही, तरच ते मेलं असं म्हणायचं. आणि गार पिल्लाच्या तोंडात दूध घालू नका, आधी ऊब, मग दूध.

पहिले दहा दिवस

मादी पिल्लांवर बसत नाही, दिवसभर पेटीकडे फिरकतही नाही. याला टाकून दिलं असं समजू नका. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीन ते पाच मिनिटं पाजते, बहुधा पहाटे किंवा रात्री. पाजली की नाही हे पिल्लाच्या पोटावरून ओळखायचं. पोट गोल, ताणलेलं आणि कातडीतून दुधाचा पांढरा पट्टा दिसत असेल तर उत्तम. कातडी सुरकुतलेली असेल तर उपाशी आहे.

माणसाचा हात लागला की मादी पिल्लं टाकते ही भीती पाळीव सशांत खरी नाही. रोज एकदा बघाच, मेलेलं पिल्लू काढा. हाताला आधी मादीच्या अंगावरचे केस चोळा, एवढं पुरतं.

पिल्लं उपाशी असतील तर पहिलं पाण्याचं भांडं तपासा. पाजणारी मादी प्रचंड पाणी पिते, आणि नळीची बाटली तुंबलेली असते हे मी अनेकदा पाहिलंय. मग सड बघा. गरम, कडक, लाल-निळसर गाठ असेल तर स्तनदाह आहे, डॉक्टर हवा. त्या मादीची पिल्लं दुसरीकडे लावू नका, रोगही बरोबर जातो. दोष नुसता घाबरटपणाचा असेल तर मादीला पेटीत बसवून, पाठीवर हात ठेवून पाच मिनिटं शांत धरा. दोन-चार दिवसांत ती स्वतः येऊ लागते. वयात दोन-तीन दिवसांचाच फरक असेल तर जास्तीची पिल्लं दुसऱ्या ओल्या (दूध पाजणाऱ्या) मादीकडे सहज खपतात. एकीकडे सात-आठपेक्षा जास्त ठेवू नयेत.

मादीने पिल्लं खाल्ली तर धक्का बसतो. पण बहुतेकदा ती मेलेलीच असतात, किंवा पिल्लांबरोबर बाहेर पडणारी वार खाता-खाता घाबरलेली नवखी मादी पुढे जाते. पहिल्या वेताला माफी. दुसऱ्यांदा पाणी, शांतता आणि अडोसा पुरता आहे ना ते बघा. तिसऱ्यांदाही झालं तर तिला पुन्हा भरवू नका.

बुटक्या जातीच्या दोन सशांची जोडी लावली असेल तर सरासरी चारातलं एक पिल्लू अगदी चिमुकलं, मोठ्या डोक्याचं जन्मतं आणि काही दिवसांत जातं. बुटकेपणाची जनुकं दोन्हीकडून आली की असं होतं. त्याला तुम्ही कितीही जपलं तरी ते वाचत नाही, आणि त्यात मादीचाही दोष नसतो.

व्याल्या दिवशीही मादी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून नर कधीच जवळ ठेवू नका. पिल्लं सहा आठवड्यांची होऊन सुटी झाल्यावर, मादीचं अंग भरलं की मगच पुढचं वेत. तीन वर्षांच्या पुढच्या मादीच्या लघवीत रक्त दिसलं तर भरवणं बंद आणि तपासणी आधी, या वयात गर्भाशयाचे कर्करोग बरेच आढळतात.

पिल्लं दहा आठवड्यांची झाली की एकेकाला मांडीवर उताणं घ्या, फट आहे की नळी ते बघा, आणि नर वेगळ्या पिंजऱ्यात टाका. दोन दिवसांनी सगळ्यांना पुन्हा तपासा. पहिल्या फेरीत एखादा तरी सुटतोच.